पोशाखांच्या नाचापलीकडे मुलांना काय दाखवावे?

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. शाळेत राज्याराज्यांच्या पोशाखांतले नाच होतात, परंतु त्यापलीकडे तिला इतरांच्या चालीरीतींविषयी काही कळत नाही. काय करावे?

प्रतिसाद १: तिला अलिबागच्या इस्राएल आळीतले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, दाखवा. शनिवारी, म्हणजे धर्माने ठरवलेल्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलींना, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंना, कोकणात 'शनवार तेली' म्हणत, त्यांची भाषा मराठी आणि आडनावे किहीमकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली, हे कळले की मुले आपणहून प्रश्न विचारतात.

प्रतिसाद २: त्यांचा मलिदा, म्हणजे ओले खोबरे घातलेले गोड पोहे आणि सोबत फळे, घरीही करता येईल, मात्र त्यामागे एलियाहू हन्नाबी या ज्यूंच्या प्रेषिताचे स्मरण असते, हे सांगावेच. नुसती पाककृती उरली, तर तोही नाचच!

प्रश्नकर्ती: सिनेगॉगमध्ये आत जाता येईल का?

प्रतिसाद १: आधी विचारून जावे; शनिवार टाळावा.