विषय: पहिल्यांदाच क्विल्टिंग रिट्रीटला जातेय, काय काय नेऊ?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात शुक्रवार ते रविवार क्विल्टिंग रिट्रीटला, म्हणजे एकत्र राहून क्विल्ट (थरांची गोधडी) शिवायच्या शिबिराला, जायचं ठरलंय. माझी ही पहिलीच खेप. आयोजकांच्या पत्रात एवढंच आहे की प्रत्येकीला एक टेबल आणि एक खुर्ची मिळेल, इस्त्री सगळ्यांत मिळून असेल आणि मशीनसकट बाकीचं सामान आपापलं आणायचं. घरी कपाटभर कापड आहे, अर्धवट राहिलेली कामंही आहेत. वाटतंय, सगळंच गाडीत भरावं आणि तिथे मनात येईल ते शिवावं. आधी जाऊन आलेल्यांनी जरा मार्गदर्शन करा. मशीन गाडीतून नेताना काय काळजी घ्यायची, तेही सांगा.

---

उत्तर: पहिल्यांदाच क्विल्टिंग रिट्रीटला जातेय, काय काय नेऊ?

सगळं कापड नेऊ नकोस गं, हे आधी सांगते.

रिट्रीटला वेळ भरपूर मिळतो, पण भोवती गप्पा चालू असतात, कुणी आपला ब्लॉक (क्विल्टचा तुकडे जोडून शिवलेला एक चौकोन) दाखवायला येतं, कुणाला रंगाबद्दल मत हवं असतं. अशा खोलीत हात भराभर चालतात. पण कुठल्या छापाशेजारी कुठला छाप, किती इंचाची पट्टी कापायची, कडेला गडद घ्यायचं की फिकट, असलं काही ठरवायला निवांतपणा लागतो आणि तो घरीच मिळतो. म्हणून कापड निवडणं, धुवायचं असेल तर धुणं, इस्त्री आणि कापणी घरूनच उरकून ने. तिथे पिशवी उघडली की थेट शिवायलाच बसता आलं पाहिजे.

कामं तीनच ने. एक मोठं, ज्यासाठी तू जातेयस ते. एक सोपं, थकल्यावर करायचं. त्याला 5 इंची चौकोनांचा तयार गठ्ठा किंवा अडीच इंची पट्ट्यांचा रोल उत्तम, कापायची भानगडच नाही. आणि एक हातशिलाईचं. एखाद्या क्विल्टचं बाइंडिंग (कडेची गोट) मशीनवर पुढून लावून ठेवलेलं असेल, तर मागची बाजू हाताने टाचायला संध्याकाळची वेळ फार छान असते. गप्पाही होतात आणि कामही सरकतं.

मोठ्या कामाचे तुकडे एकेका ब्लॉकप्रमाणे झिपच्या पिशवीत भर. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी टाच, नमुन्यात त्या तुकड्याला जे अक्षर दिलंय तेच त्यावर लिही. साडेतीन इंची चौकोन आणि पावणेचार इंची चौकोन शेजारी ठेवले तर नुसत्या नजरेला फरक कळत नाही. चिठ्ठी नसेल तर तिथे प्रत्येक तुकडा मोजत बसावं लागेल.

आता मायेबद्दल, म्हणजे शिवणीच्या बाहेर कडेला सोडायच्या कापडाबद्दल, कारण इथे बऱ्याच जणींचं गणित बिघडतं. क्विल्टिंगमध्ये माया पाव इंच. निघण्याआधी आपल्या मशीनची परीक्षा घे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोड, माया एका बाजूला दाबून इस्त्री कर आणि मधली पट्टी मोज. ती बरोबर 1 इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जातेय, सुई एखादं घर उजवीकडे घे आणि पुन्हा करून बघ. शिवण पाव इंचाला अगदी दोराभर कमी घ्यावी लागते, कारण दुमडलेल्या जागी कापडाची जाडी थोडं माप खाते. फरक किरकोळ वाटतो, पण दहा चौकोनांच्या एका रांगेत नऊ शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी 1/16 इंच जास्त गेला तर रांग इंचाहून जास्त आखूड होते, आणि मग शेजारच्या रांगेशी सांधे जुळतच नाहीत. जमलेली सेटिंग कागदावर लिहून मशीनला चिकटव. वाटेत हलवाहलवीत सुईची जागा बदलू शकते.

मशीन नेताना सुई खाली, फूट (कापड दाबून धरणारा भाग) खाली आणि फूटखाली कापडाचा एक तुकडा दुमडून ठेव. रीळ काढून घे. मागच्या सीटवर ठेवून सीटबेल्ट लाव. निघण्याआधी आतली धूळ आणि दोऱ्याचा भुसा साफ कर, नवी सुई घाल. साध्या सुती कापडाला 80/12 ची सुई चालते. जास्तीच्या सुया घेच, साधारण आठ तास शिवल्यावर सुई बदलावी म्हणतात आणि रिट्रीटला तेवढे तास एका दिवसात होतात. बॉबिन घरूनच भरून ने. दोरा राखाडी किंवा फिकट बदामी, 50 वजनाचा (हा दोऱ्याच्या जाडीचा नंबर) सुती. बहुतेक रंगांत तो मिसळून जातो, मग दर कापडाला रीळ बदलायला नको.

आणि पेडल व वायर! मशीनच्या बॅगेत सगळ्यात आधी या दोन वस्तू टाक, मग मशीन. घरी त्या टेबलाखाली असतात, म्हणून उचलताना नजरेतून सुटतात.

तुझ्या प्रत्येक कात्रीवर, पट्टीवर, गोल पात्याच्या कटरवर रंगीत टेपचा तुकडा लाव. तिथे सगळ्यांकडे तेच पिवळे-केशरी कटर असतात.

---

उत्तर: उत्तर: पहिल्यांदाच क्विल्टिंग रिट्रीटला जातेय

ताईंनी लिहिलंय त्यात एक बदल सुचवते. सगळं कापून नेलंस तरी पार्श्वभूमीच्या कापडाचा अर्धा मीटर न कापलेला सोबत ठेव. एखादा तुकडा उलटा लागतो, उसवताना ताणला जातो, आणि नेमकं तेच कापड हाताशी नसलं तर अख्खा ब्लॉक अडतो. छापील कापडाच्या जागी दुसरा छाप चालून जातो, पार्श्वभूमी मात्र बदलता येत नाही.

शिवाय टेबलाचा विचार करा. घडीचं टेबल साधारण 29 इंच उंच असतं आणि मशीन त्याच्यावर बसतं, म्हणजे घरी मशीन टेबलात बसवलेलं असेल तर सुई त्यापेक्षा चार-पाच इंच वर येते. दिवसभर खांदे उचलून शिवलं तर दुसऱ्या दिवशी मान धरते. खुर्चीवर ठेवायला जाड, घट्ट उशी न्या. पाय अधांतरी राहत असतील तर पेडलच्या बाजूला दुसऱ्या पायाला काहीतरी टेकू द्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दुखरी मान घेऊन कितीही सुंदर कापड असलं तरी शिवावंसं वाटत नाही. तासाभराने उठून इस्त्रीपर्यंत चालून यायचं, हा माझा नेम.

इस्त्रीवरून आठवलं, आपली इस्त्री नेऊन स्वतःच्या टेबलाशी लावू नका. मशीनला जेमतेम शंभर वॉट लागतात, इस्त्री हजाराच्या वर खाते. एका लाइनवर दोन-तीन इस्त्र्या चालू झाल्या की ट्रिप होतं आणि सगळ्यांची मशीनं बंद. न्यायचीच असेल तर आयोजकांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या प्लगला. एक्स्टेन्शन आणि छोटा दिवा मात्र जरूर न्या. हॉलमधला उजेड वरून येतो आणि आपल्याच हाताची सावली सुईवर पडते.

भिंतीवर ब्लॉक मांडून बघायला मागून फ्लॅनेल असलेलं टेबलक्लॉथ न्या. फ्लॅनेलची बाजू पुढे करून लावलं की सुती तुकडे आपोआप चिकटून राहतात, आणि निघताना ब्लॉकसकट गुंडाळून घेता येतं.

---

उत्तर: उत्तर: उत्तर:

ताई, वहिनी, मनापासून आभार. पट्ट्यांची परीक्षा आज रात्रीच करते. दोन शंका उरल्यात. कापणी घरी झाली तर कटरखाली घ्यायची मोठी मॅट नेऊच नको का? आणि एका क्विल्टचा वरचा थर शिवून तयार आहे, तोही न्यावा का?

---

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर:

मोठी मॅट घरी राहू दे, 12 × 18 इंचाची पुरे. ती बंद गाडीत उन्हात ठेवू नकोस, तापली की वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. कटर लॉक करून, नवं ब्लेड घालून ने.

तयार थर जरूर ने! रिट्रीटची खरी चैन म्हणजे लांबलचक टेबलं. जेवणानंतर चार टेबलं एकत्र लावली की जमिनीवर गुडघे न टेकता अस्तर, बॅटिंग (मधला मऊ थर) आणि वरचा थर नीट पसरता येतात. अस्तर आणि बॅटिंग चारही बाजूंनी 4 इंच जास्त घे आणि अस्तराला घरीच कडक इस्त्री कर. आधी अस्तर, उलटी बाजू वर, ताणून पण न खेचता टेपने टेबलाला चिकटवायचं. मग बॅटिंग, मग वरचा थर, आणि मधून बाहेरच्या दिशेने एकेका मुठीच्या अंतरावर सेफ्टी पिना. दोघी समोरासमोर उभ्या राहिलो की भराभर होतं, मी येतेच मदतीला. पिना तुझ्या, टेपचं रीळ मी आणते. टेबलं कुठल्या वेळी मोकळी मिळतील, ते आयोजकांना आजच विचारून ठेव.