भाड्याच्या घरात खिडकीला काढता-घालता येणारं साउंडप्रूफ पॅनल बनवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला लागून तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. बायको नर्स आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस तिला नाइट असते, सकाळी नऊला घरी येऊन झोपायला जाते तर बेडरूमची खिडकी नेमकी रस्त्याकडे, डंपर, बस, हॉर्न सगळं आत. सलग दोन-अडीच तासांच्या वर झोप होत नाही तिची, गेल्या महिन्यात तर डोकं धरूनच ड्युटीवर जायची. मला बघवत नाही.

खिडकी 4 बाय 4 फूट, अॅल्युमिनियमची सरकती, ग्रिल बाहेरून. आतल्या बाजूला कडप्प्यावर 5 इंच जागा आहे, पॅनल तिथेच बसवायचं.

आधी तो अंड्याच्या ट्रेसारखा फोम आणून काचेला लावला होता, काडीचा फरक पडला नाही. मग कळलं की तो खोलीत घुमणारा आवाज शोषतो, बाहेरचा अडवत नाही, अडवायला वजन लागतं आणि फटी बंद व्हाव्या लागतात. एका रविवारी दोन शटरमधली फट आणि खालचा ट्रॅक जुन्या टॉवेलने ठासून भरला, तेवढ्यानेच हॉर्नची धार गेली. डंपरची घरघर मात्र तशीच.

आता विचार असा आहे की 12 एमएम मरीन प्लाय, त्याला मागून 2 इंची लाकडी फ्रेम, आत ग्लासवूल (खाज सुटते म्हणून कापडात शिवून), चारी कडांना रबरपट्टी, आणि काच ते पॅनल मध्ये जमेल तेवढी हवेची जागा. पण नुसता प्लायच 12 किलोच्या आसपास भरतोय आणि मी ऑफिसला असताना तिला एकटीला काढता आलं पाहिजे. म्हणून दोन भाग करायचे म्हणतोय, तर मधल्या जोडातून आवाज येऊ नये म्हणून एकावर एक बसणारी खाच पुरेल का?

दुसरं म्हणजे घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. रबराच्या दाबावर पॅनल घट्ट राहील की पुढे कलंडेल?

घरघरीसाठी प्लायवर जिप्सम बोर्डचा थर द्यावा का, की वजन वाढवून हाती फार काही लागणार नाही? आणि पावसाळ्यात ट्रॅकमधून पाणी झिरपतं आमच्याकडे, आत बुरशी धरेल याचीही भीती आहे.

कोणी असं बनवून रोज वापरत असेल तर प्लीज सांगा, फोटो असेल तर फारच बरं. शनिवारी सुतार माप घ्यायला येतोय.