फॉर्म सबमिट झाल्यावर बॅक/रिफ्रेश केलं की एंट्री डबल पडतेय

नवा_गडी:
पीएचपीत तीन पानी नोंदणी फॉर्म केलाय, सेशन (युजरची माहिती सर्व्हरवर पानापानांत टिकवायची सोय) वापरलंय. शेवटच्या पानावर सबमिट केलं की तीच स्क्रिप्ट डेटाबेसात एंट्री टाकते आणि तिथेच 'धन्यवाद' छापते. लोक रिफ्रेश मारतात, ब्राउझर विचारतो फॉर्म परत पाठवू का, न वाचताच हो म्हणतात की झाली डबल एंट्री. शिवाय तिसऱ्या पानावरून बॅक गेलं तर फायरफॉक्समधे 'डॉक्युमेंट एक्स्पायर्ड' येतं. क्लायंट म्हणतोय बॅक बटणच बंद करून टाका. जावास्क्रिप्टने होईल का?

अर्धविराम:
बॅक बंद करायचा नाद सोड. ते बटण युजरचं आहे, हिस्टरीत खोट्या नोंदी घुसवून लोक जुगाड करतात पण युजरने पानावर काही केलेलंच नसेल तर क्रोम अशा नोंदी सरळ ओलांडून मागे जातो.

तुझा घोळ एवढाच की पोस्टला (फॉर्मचा डेटा पाठवणारी रिक्वेस्ट) उत्तर म्हणून तू थेट पान देतोयस. एंट्री टाकली की ३०३ रीडायरेक्ट (ब्राउझरला 'दुसऱ्या यूआरएलवर जा' सांगणारं उत्तर) दे आणि 'धन्यवाद'चं पान वेगळ्या यूआरएलवर गेटने (नुसतं पान मागणारी रिक्वेस्ट) उघडू दे, मग रिफ्रेश कितीही मारा, गेटच होणार. ३०२ ने पण ब्राउझर गेटच करतात, ३०७ मात्र चुकूनही नको, तो पोस्टच पुढे पाठवतो. आणि रीडायरेक्टचा हेडर पाठवल्यावर एक्झिट लिही, नाहीतर खालचा कोड चालत राहतो.

एक्स्पायर्डचं कारण पण तेच. पीएचपीचं सेशन सुरू झालं की डिफॉल्टने नो-स्टोर हेडर जातो, म्हणजे पोस्टमधून आलेलं पान ब्राउझरकडे ठेवलेलंच नसतं. प्रत्येक पायरीला रीडायरेक्ट कर, उत्तरं सेशनमधे ठेव, पान उघडताना तिथूनच परत भर. बॅक केलं की भरलेला फॉर्म दिसेल.

कोपऱ्यातला_कोडर:
वरचं बरोबर, पण त्याने रिफ्रेशचाच प्रश्न सुटतो हं. बॅक करून तोच फॉर्म परत सबमिट केला किंवा नेट स्लो म्हणून बटण दोनदा दाबलं तर एंट्री पडणारच. फॉर्म बनवताना एक रँडम टोकन (दर फॉर्मला वेगळा कोड) हिडन फील्डमधे टाक, ते एंट्रीसोबत साठव आणि त्या कॉलमवर युनिक इंडेक्स लाव, म्हणजे तेच टोकन डेटाबेस दुसऱ्यांदा घेणारच नाही. आधी सिलेक्ट करून बघू आणि नसेल तर इन्सर्ट करू, असं नको, दोन रिक्वेस्ट एकदमच आल्या तर दोन्हींना 'नाही' असंच दिसतं. डुप्लिकेट एरर आला तर युजरवर खेकसू नको, पहिल्या एंट्रीचं 'धन्यवाद' पानच दाखव, त्याचं काम तर झालेलंच आहे ना.

नवा_गडी:
रीडायरेक्ट टाकला, एक्स्पायर्ड गेलं!! टोकन आज करतो. अजून एक, दुसरा एक साधा फॉर्म आहे, सेशन नाही, त्यात क्लिकवर बटण डिसेबल करतो. बॅक आलं की ते मेलेलंच राहतं, लोड इव्हेंटमधे परत चालू केलं तरी फरक नाही??

अर्धविराम:
बीएफकॅश, म्हणजे बॅक/फॉरवर्डसाठी ब्राउझर अख्खं पान मेमरीत ठेवतो ते. पान नव्याने लोड होतच नाही, जसंच्या तसं मेमरीतून उठतं, म्हणून लोड चालत नाही. पेजशो इव्हेंट पकड, त्यात पर्सिस्टेड ट्रू असेल (म्हणजे पान बीएफकॅशमधून आलंय) तर बटण चालू कर. फायरफॉक्स तर साध्या रिफ्रेशलाही डिसेबल लक्षात ठेवतो, तिथे बटणाला ऑटोकम्प्लीट ऑफ लाव.