'त्रास' म्हणजे नक्की काय? ॲलर्जीच्या प्रश्नावलीत अडलेय

ओसरी: खाण्याच्या ॲलर्जीमुळे रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते मोजायची एक प्रश्नावली आहे, एफएक्यूएलक्यू. 8 ते 12 वयाची मुलं स्वतः भरतात, 13 ते 17 साठी वेगळी, मोठ्यांची वेगळी, आणि 12 पर्यंतच्या मुलांची पालकांनी भरायची असते. तशाच धर्तीच्या प्रश्नांचं मराठी करतेय. अमुक गोष्टीचा किती त्रास होतो ते सात पायऱ्यांवर सांगायचं. एका आईला वाचून दाखवलं, 'बाहेर खाताना सारखं विचारावं लागतं, त्याचा किती त्रास होतो?' ती म्हणाली, 'नाही हो, दोन वर्षांत एकदाही त्रास झाला नाही, आम्ही बाहेर खातच नाही.' आणि 'अजिबात नाही' वर खूण केली! मराठीत त्रास म्हणजे अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलट्या. मला हवाय तो मनाचा. कुठला शब्द घेऊ?

शब्दवेडा: 'जाच' घ्या. पण त्याआधी 'ॲलर्जी' कशाला? परिभाषेत 'अधिहृषता' आहे ना.

गोगलगाय: अधिहृषता कोण बोलतं हो? दवाखान्यात जाऊन 'मला अधिहृषता आहे' म्हणून बघा. आणि ॲलर्जी हा शब्द तरी कुठे पुरातन आहे, पिर्के नावाच्या डॉक्टरने 1906 मध्ये ग्रीकमधून जुळवला. त्यांनाही तो नवाच होता, रुळला.

शब्दवेडा: म्हणून आपण जुळवायचंच नाही का? बरं, मग 'वावडं' घ्या, आजीच्या तोंडचा शब्द आहे. मला तर वाटतं 'वात'वरूनच आला असणार.

दुपारची_झोप: वावडं नको. 'त्याला शिस्तीचं वावडं आहे' म्हणतो आपण, म्हणजे नावड. माझ्या बहिणीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि लहानपणी आम्ही 'तिला शेंगदाण्याचं वावडं आहे' असंच सांगायचो, तर लोक म्हणायचे, अगं थोडंसं खा, सवय होईल. एकदा एकीने खरंच भरवलं, घसा सुजला, श्वास अडकला, रात्र इस्पितळात गेली. तेव्हापासून आमच्या घरात 'ॲलर्जी'च म्हणतात, समोरचा निदान हात मागे घेतो.

शब्दवेडा: हे वाचून वावडं मागे घेतो. जाच मात्र सोडत नाही.

गोगलगाय: जाच सासूचा असतो, तिथे जाचणारा कुणीतरी लागतो. इथे 'धास्ती' किंवा 'घोर' बसेल.

कोरा_कागद: मी अशाच एका मुलाची आई. धास्ती एक झाली, पण सगळंच धास्ती नसतं. दुकानात पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत उभी असते तेव्हा ती कटकट असते. वाढदिवसाला सगळी पोरं केकभोवती आणि माझा मुलगा भिंतीशी स्वतःचा डबा उघडून बसतो, तेव्हा ना धास्ती असते ना कटकट, तेव्हा त्याला वाईट वाटतं. एकच शब्द सगळीकडे कसा लावणार? मुलांसाठी 'किती नकोसं वाटतं?' असं विचारून बघा. माझ्या नऊ वर्षांच्याला आत्ताच विचारलं. केकचं त्याने 'खूप' सांगितलं, डब्याचं 'फार'.

ओसरी: 'नकोसं' आवडलं! पण परत उलटं भाषांतर करून मूळाशी ताडून बघतात, तेव्हा ते 'आवडत नाही' होऊन येईल की काय ही भीती आहे. आणि तुमच्या मुलाचं 'खूप' जास्त की 'फार'? सात पायऱ्या भरायच्यात, मी 'बऱ्यापैकी', 'बराच', 'खूप', 'फार', 'अतिशय' असं चढत लावलंय.

दुपारची_झोप: खूप जास्त. 'फार नाही' म्हणजे थोडंसंच की.

शब्दवेडा: छे, फार वरचढ. 'फार झालं आता' म्हणतात, 'खूप झालं'ला तो जोर नाही.

गोगलगाय: आणि 'बऱ्यापैकी' त्रासाला कसं चालेल? बऱ्यापैकी पगार असतो, बऱ्यापैकी मार्क असतात.

कोरा_कागद: त्याला पुन्हा विचारलं. म्हणतो दोन्ही सारखंच, पण डब्याचं रोजचं आहे.