चुंबकावर चालणारा फ्रीज: घरात येणार की प्रयोगशाळेतच राहणार?

तापमापक
कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, नुसत्या चुंबकावर चालणारा फ्रीज आता आलाच, अशी बातमी अधूनमधून उगवते. २०१५ च्या जानेवारीत हायर, बीएएसएफ आणि अ‍ॅस्ट्रोनॉटिक्स या कंपन्यांनी मिळून वाइन गार ठेवणारं कपाट लास वेगासच्या प्रदर्शनात मांडलं होतं. घरोघरी काही ते पोचलं नाही. माझ्या मते घरगुती फ्रीजसाठी हा नादच सोडावा.

गॅडोलिनियम हा धातू चुंबकीय क्षेत्रात नेला की तापतो. ती उष्णता काढून घेतली आणि क्षेत्र हटवलं की तो आधीपेक्षा गार होतो. तत्त्व देखणं आहे, पण मिळतं किती? साध्या कायम चुंबकाच्या एक-दीड टेस्लामध्ये (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) जेमतेम ३-४ अंश. फ्रीजला तीस-चाळीस अंशांचा फरक लागतो.

खटपट्या
अहो, त्या ३ अंशांवर कुठे अडून बसलात! धातूच्या बारीक गोळ्यांचा थर रचायचा आणि चुंबक आत-बाहेर होताना त्यातून पाणी मागे-पुढे खेळवायचं. दर फेऱ्याला थोडी थोडी उष्णता एका टोकाकडे ढकलली जाते, फरक साचत जातो. १९७६ सालीच नासाच्या ब्राउन यांनी गॅडोलिनियमवर ४७ अंशांचा फरक दाखवला होता.

तापमापक
७ टेस्लाच्या चुंबकात! तो कुठे ठेवणार, ओट्याखाली? शिवाय गोळ्यांच्या दाट थरातून पाणी रेटायला पंप लागतो, चुंबक फिरवायला मोटर लागते. कागदावर वाचलेली वीज तिथेच खर्ची पडते.

हिरवळ
विजेपलीकडेही बघा की. फ्रीज-एसीत भरतात तो आर-१३४ए सारखा वायू गळला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो. २०१६ च्या किगाली करारात हे वायू कमी करायचं ठरलं ते उगाच नाही. घन पदार्थ गळत नाही.

तापमापक
बरोबर, पण नव्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक ठिकाणी आयसोब्युटेन हा वायू असतो. तो पेट घेऊ शकतो, पण हवामानाला त्याचा उपद्रव नगण्य. तुमचा मुद्दा एसीला लागू पडतो, फ्रीजला नाही.

धातुवेडी
तुम्ही दोघं गॅडोलिनियमच धरून बसला आहात. १९९७ मध्ये पेचार्स्की आणि श्नाइडनर यांनी गॅडोलिनियम-सिलिकॉन-जर्मेनियमच्या संयुगात कितीतरी मोठा परिणाम दाखवला आणि खरी शर्यत तिथून पेटली. पुढे लँथेनम-लोह-सिलिकॉन आलं, मँगनीज-लोह-फॉस्फरस-सिलिकॉन आलं. यात मुख्य भरणा लोखंड-मँगनीजचा, म्हणजे स्वस्त माल. हायड्रोजन मुरवून किंवा प्रमाण बदलून कुठल्या तापमानाला परिणाम सर्वात जास्त हवा तेही ठरवता येतं, म्हणून वेगवेगळ्या तापमानांचे थर एकावर एक लावता येतात.

पण या पदार्थांची खोडही तिथेच आहे. त्यांची चुंबकीय अवस्था एकदम बदलते, सोबत आकारमान किंवा स्फटिकाची रचना बदलते. जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्या, त्या हिस्टेरेसिसमध्ये ऊर्जा वाया जाते. सेकंदाला एकच फेरा धरा, वर्षाला तीन कोटींच्या वर फेरे झाले. ठिसूळ पदार्थाला इतके धक्के दिले की तो तडकतो. लोह असलेला पदार्थ पाण्यात गंजतो, म्हणून पाण्यात गंजरोधक घालावं लागतं. माझी शंका पंपाबद्दल नाहीच, या तड्यांबद्दल आहे.

खटपट्या
तडे कमी करायला पदार्थ सच्छिद्र करतात, राळेत बांधतात.

धातुवेडी
करतात ना. पण राळ उष्णता अडवते, मग फेरे सावकाश घ्यावे लागतात आणि थंडावा कमी मिळतो. आणि पदार्थ स्वस्त झाला तरी चुंबक निओडिमियमचाच. यंत्राच्या किमतीत मोठा वाटा त्याचाच असतो.

तापमापक
म्हणूनच म्हणतो, हे तंत्र जिथे शोभतं तिथे वापरा. १९३३ साली जिओक यांनी याच युक्तीने पाव केल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंशांच्या) जेमतेम पाव अंश वर, मजल मारली. २०२३ मध्ये सोडलेल्या एक्सरिझम या अंतराळ दुर्बिणीचा क्ष-किरण शोधक ५० मिलिकेल्विनला (केल्विनच्या विसाव्या भागाला) ठेवतात तोही असाच. हायड्रोजन द्रव करायला उणे २५३ अंश लागतात, तिथे होल्मियम डायबोराइड हा चुंबकीय पदार्थ कामाला येईल. त्या थंडीत पदार्थाची स्वतःची उष्णताधारकता कमी असते, त्यामुळे तेवढ्याच चुंबकात कितीतरी जास्त पदरात पडतं.

खटपट्या
हायड्रोजनचं मान्य. पण जर्मनीतल्या डार्मस्टाटची मॅग्नोथर्म ही कंपनी पेयं गार ठेवणारी कपाटं बनवते आहे. तिथे तापमानातला फरक घरच्या फ्रीजरइतका लागत नाही. दुकानापासून सुरुवात व्हायला काय हरकत?

तापमापक
हरकत नाही. फक्त पंप आणि मोटर धरून वर्षभराची वीज मोजा आणि शेजारी आयसोब्युटेनचं तेवढंच कपाट लावा. मग बोलू.