उन्हाळा आणि घरातले मुके जीव: तुमचे अनुभव सांगा

ऊन तापायला लागलं की तुम्ही तुमच्या मुक्या जिवांचं नेमकं काय करता? केस कापता, विंचरता, आंघोळी वाढवता? ऐकीव सल्ले नकोत, स्वतःच्या घरात घडलेलं सांगा. चुकलं असेल तर तेही सांगा, त्यातून दुसऱ्याचं जनावर वाचतं. सुरुवात मी करते.

शेरू आमचा जर्मन शेफर्ड. दोन वर्षांचा असताना त्याच्या धापा बघवेनात म्हणून मी त्याच्या अंगावरून सरसकट मशीन फिरवून घेतलं. केस कापले की आपल्याला हलकं वाटतं, त्यालाही वाटेल असं धरून चालले. आठवड्याभरात पाठ लालबुंद झाली, कारण ऊन थेट कातडीवर पडायला लागलं. केस परत आले तेही आधी आतली मऊ लव. वरचे राठ केस भरायला दीड वर्ष गेलं.

तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो पंजांच्या गाद्यांना. उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः धापा टाकून. वरचे राठ केस ऊन अडवतात, ते राहू द्यायचे. त्रास होतो तो गळून आतच अडकलेल्या लवेचा, कारण तिच्यामुळे कातडीला वारा लागत नाही.

आता एक दिवसाआड सकाळी त्याला विंचरते. डाव्या हाताने केस वर धरायचे, खालची कातडी दिसेल इतपत भांग पाडायचा आणि लांब दातांच्या फणीने थोडे थोडे केस सोडवत वर सरकायचं. नुसता वरून ब्रश फिरवला तर अंग चकाकतं, पण आतली लव तशीच राहते. मांड्यांच्या मागे, कानांच्या बुडाशी आणि पट्ट्याखाली ती सगळ्यात जास्त साठते. राखाडी कापसासारखे पुंजके निघतात. मागची मांडी आली की शेरू सगळा भार माझ्या गुडघ्यावर टाकून डोळे मिटतो.

* * *

आमची पग. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापासुद्धा नीट टाकता येत नाहीत, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला तो त्या संध्याकाळी. ऊन उतरलं म्हणून सहा वाजता फिरायला नेलं. रस्ता मात्र दिवसभर तापलेला होता. दहा मिनिटांत तिची लाळ चिकट, दाट झाली, जीभ गडद लाल पडली आणि मागचे पाय लटपटायला लागले. उचलून घरी आणलं, नळाखाली धरलं, पोट, मांड्या, काखा भिजवल्या आणि पंख्यासमोर ठेवलं. मग दवाखाना. तिथे पोचेपर्यंतही ताप ४०.५ अंश होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ च्या आसपास असतं. आधी थंड करून मग आणलंत म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले. एक गोष्ट त्यांनी सुधारली. मी तिच्या पाठीवर ओला टॉवेल टाकून ठेवला होता. तो लगेच गरम होतो आणि उलट उष्णता कोंडतो. पाणी ओतत राहायचं आणि वारा द्यायचा.

आता बाहेर पडण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवते. चटका बसला तर दारातूनच परत.

* * *

वरच्या अनुभवात भर म्हणून एवढंच: बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. बाहेर २४ अंश असताना आत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ च्या घरात तापमान जातं. काच चार बोटं खाली केल्याने फारसा फरक पडत नाही.

* * *

पर्शियन मांजर आहे आमच्याकडे. काखेत जट झाली होती, ती मी कात्रीने कापायला गेले. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जट ओढली की तंबूसारखी वर येते. केस समजून कातडीच कापली गेली, दोन टाके पडले. ती ओरडली नाही, नुसती पलंगाखाली जाऊन बसली, ते मला अजून आठवतं. जट बोटांनीच सोडवायची. नाही सुटली तर सवय असलेल्या माणसाकडून मशीनने काढून घ्यायची. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर वाट बघत बसू नका. कुत्र्यासाठी ते रोजचं, मांजरासाठी नाही.

* * *

घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असणाऱ्यांनी हे जरूर वाचा. उन्हाळ्यात गोचीड वाढतात, म्हणून आम्ही कुत्र्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकले. रात्री मांजर नेहमीप्रमाणे त्याला चिकटून झोपलं आणि पहाटे थरथरायला लागलं. त्या औषधात परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला विष आहे. सुदैवाने वेळेत उपचार झाले. तेव्हापासून बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय काही लावत नाही. एखाददुसरा गोचीड असेल तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढते, पिळत नाही. बोटांच्या बेचक्यांत आणि कानाच्या आत हमखास सापडतात.

* * *

सशांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. ससा कानांवाटे उष्णता सोडतो. पाणी भरून गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवतो, तो स्वतःच तिला टेकून पसरतो. सशाला आंघोळ घालू नका, तो घाबरून गारठतो. मागची बाजू मात्र रोज उचलून बघा. शेपटीखाली ओल किंवा घाण राहिली की माश्या अंडी घालतात आणि अळ्या बघता बघता कातडीत शिरतात.

* * *

शेरूबद्दल दोघांनी विचारलं आहे, म्हणून परत लिहिते. आता तो नऊ वर्षांचा आहे. तहान लागली तरी चटकन उठत नाही, म्हणून पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली आहेत, त्यातलं एक तो दुपारी पसरतो त्या फरशीशेजारीच. आंघोळ महिन्यातून एकदा, त्याच्यासाठीच्या शांपूने, आणि नंतर कान आतून कोरडे करते. ओल राहिली की तो दोन दिवसांत डोकं झटकायला लागतो. मशीन फिरवल्यावर कमरेजवळ मात्र केस पुरते आलेच नाहीत, तेवढा भाग अजून विरळ आहे. तिथे फणी लावत नाही, नुसता तळवा फिरवते.