वितळलेली ईएससी, लातूरचं ऊन आणि वॉरंटी

शिंदे वहिनी (बी विंग): पोराची रिमोटची गाडी पार्किंगमध्ये पळता पळता बंद पडली. जळका वास यायलाय. दुकानदार म्हणतो, "लातूरच्या उन्हात चालवली, वॉरंटीत बसत नाही." काय करावं ओ?

पठाण भाई: वहिनी, आधी बॅटरी काढा. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगलेली असली तर चार्जिंगला अजिबात लावू नका.

शिंदे वहिनी: काढली, फुगली नाही. पण पंखा बसवलेली ती डबी आहे ना, तिचं प्लास्टिक वितळून वायरीला चिकटलंय.

माने सर: ती ईएससी. मोटरला किती करंट द्यायचा ते ती ठरवते. बहुतेक ईएससी १०० अंशांच्या आसपास गेल्या की आपोआप बंद होतात, गार झाल्या की परत चालतात. आता समजा, चालताना ती बाहेरच्या हवेपेक्षा ६० अंशांनी जास्त तापते. २५ अंशांत ती ८५ वर राहील, आपल्या ४२ अंशांत १०२ वर जाईल. म्हणजे उन्हात गाडी सारखी थांबली असती तर मी दुकानदाराचं ऐकलं असतं. पण प्लास्टिक वितळेपर्यंत ईएससी आपोआप बंद झालीच नाही! ज्यासाठी हे संरक्षण असतं तेच चाललं नाही, मग उन्हाला कशाला दोष द्यायचा?

सोनवणे दादा: सर, पोरं मोठं पिनियन, म्हणजे मोटरवरचं दातेरी चाक, टाकतात. मग मोटर जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. त्याला कंपनी काय करणार?

शिंदे वहिनी: आम्ही एक स्क्रूसुद्धा उघडला नाही, दादा. पुस्तिकाही बघितली. पाण्यात नेऊ नका, एवढंच. किती तापमानापर्यंत चालवावी, आकडाच नाही.

माने सर: हे फार चुकीचं आहे. इथं माल विकता, तर इथला मे महिना धरून आकडा छापा! २०१९ च्या ग्राहक कायद्यात कलम ८४ आहे. पुरेशी सूचना दिली नाही तरी उत्पादक जबाबदार धरला जातो.

देशपांडे काकू (वकील): सर, जरा थांबा. ८४ खाली खुद्द गाडीचं नुकसान मिळत नाही. गाडीमुळं घर पेटलं, कुणाला भाजलं, तर ते लागू. वहिनींनी सदोष वस्तूची तक्रार करावी, बदलून द्या नाहीतर पैसे परत द्या म्हणून. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. अन् दुकानदाराकडून "उन्हामुळं" हे लेखी घ्या, तोंडी नको.

शिंदे वहिनी: कंपनी तर परदेशातली आहे, काकू.

देशपांडे काकू: दुकानदार इथलाच आहे ना? विकणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते. बिल, खोका, जळकी डबी, काही टाकू नका. डबी उघडूही नका, नाहीतर तुम्हीच छेडछाड केली म्हणतील.

पठाण भाई: बाकीच्यांनी पण ऐका. पोरं खेळून आली की गरम बॅटरी तशीच चार्जिंगला लावतात. ४५ अंशांच्या वर लिपो चार्ज करायची नसते. आधी गार होऊ द्या.